श्रीचक्रधरांचे कूळ : एका वंशावळीचा शोध

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मला जात पडताळणीचा अर्ज भरावयाचा होता. अर्जासोबत जी कागदपत्रे जोडावी लागतात त्यांत एक कागद वंशावळीचा असतो. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, भावांची मुले अशी सारी नावे झाडाच्या फांद्यांसारखी मांडावयाची आणि ती खरी आहेत असे शपथेवर सांगावयाचे. शिवाय, आमच्या जातीच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लेखी पुरावा लागतो. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. ते सातवीपर्यंत शिकले. आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत. घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. तेव्हा १९६७ पूर्वीचे आमचे घर कागदावर शोधावे तरी कोठे, असा प्रश्न पडला. घर होते, माणसे होती, त्यांनी कष्ट केले होते. पण कागद नव्हता.

मी डोक्याला हात लावून बसलेला पाहून आजी म्हणाली, "हेळव्याला इचार की. त्याच्या वहीत समदं हाय. तुझ्या खापरपणज्यापातूर नावं हायत."

हेळवी कोण हे आपल्या सोलापूरकडच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांना सांगणे न लगे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडचा कर्नाटक या भागात फिरणारे हे वंशावळ सांगणारे लोक. सुगी झाली की बैलावर बसून गावोगाव यावे, ठरलेल्या घरांसमोर उभे राहावे, त्या घरच्या पूर्वजांची नावे एकामागून एक म्हणावीत, नवीन जन्मलेल्यांची नावे वहीत चढवावीत आणि धान्य, कपडा, पैसा घेऊन पुढच्या गावी जावे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. लहानपणी मला त्यांचा बैल तेवढा आवडे. ते काय म्हणतात याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

योगायोग असा की, त्याच दिवसांत वर्गात 'लीळाचरित्र' शिकवणे चालू होते. सरांनी फळ्यावर लिहिले : श्रीचक्रधर, पूर्वाश्रमीचे हरपाळदेव, भडोचचा प्रधान विशालदेव याचे पुत्र. सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले. माझ्या मनात मात्र अर्जातील रकाने घोळत होते. मी उभा राहून विचारले, "सर, हे आपल्याला कोणी सांगितले? पुरावा काय?" वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. तूच शोध आणि वार्षिकांकात लिही." प्रस्तुत लेख हे त्याचे फळ. यात मी नवे संशोधन केले असे मुळीच नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या एका थोर पुरुषाचे कूळ आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येऊन पोहोचले, आणि ती वाट कोठे पक्की व कोठे कच्ची आहे, एवढेच समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

परंपरा काय सांगते?

प्रथम वंशावळ पाहू. तेराव्या शतकाच्या आरंभी गुजरातेत भडोच येथे मल्लदेव नावाचा राजा होता. जुन्या मराठीत या गावाला 'भरवस' म्हटले आहे, आणि संस्कृतात त्याचेच नाव भृगुकच्छ. या मल्लदेवाचा प्रधान विशालदेव, जातीने लाड सामवेदी ब्राह्मण. त्याची पत्नी माल्हणदेवी ऊर्फ माल्हाइसा. त्यांचा पुत्र हरपाळदेव. हरपाळदेवाची पत्नी कमळाइसा. हरपाळदेवाचा जन्म सर्वसाधारणपणे ११९४ चा धरतात.

तरुणपणी हरपाळदेव आजाराने निवर्तले आणि स्मशानात नेल्यावर तो देह पुन्हा सजीव झाला. हा प्रसंग शके ११४३ म्हणजे १२२१ चा मानतात. द्वारावती येथील श्रीचांगदेव राउळ यांनी आपला देह ठेवून या देहाचा स्वीकार केला, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. पुढे हरपाळदेवांना द्यूताचा नाद लागला. हरलेले द्रव्य भागवण्याच्या प्रसंगातून घरात कटुता आली आणि त्यांचे मन संसारातून उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले, ते परत गेलेच नाहीत. वऱ्हाडात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राउळ यांची भेट झाली आणि प्रधानपुत्र हरपाळदेवाचे श्रीचक्रधर झाले. त्यांनी महानुभाव पंथ स्थापन केला आणि तो मराठीतून सांगितला. १२७४ च्या सुमारास त्यांनी उत्तरेकडे प्रयाण केले.

म्हणजे एका राजमान्य घरातील मुलगा, घर सोडून धर्माचा उपदेशक झालेला. आता प्रश्न असा की, ज्याने घरच सोडले त्याच्या घराची हकीकत राहिली कशी?

कोणी कोणास सांगितले?

श्रीचक्रधरांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. आपला पूर्ववृत्तांत त्यांनी निकटच्या शिष्यांना वेळोवेळी बोलता बोलता सांगितला. या शिष्यांत नागदेवाचार्य होते, वृद्ध बाइसा होत्या, आणि प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारणाऱ्या महदाइसा होत्या. स्वामींच्या मागे म्हाइंभट यांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली या आठवणी गोळा केल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याकडे जाऊन विचारावे आणि टिपून घ्यावे, अशी त्यांची पद्धत होती. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत असा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध झाला. मराठीतील हा आद्य चरित्रग्रंथ. त्याचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे भाग असून भडोचची हकीकत पहिल्या भागात येते.

तेव्हा साखळी अशी झाली : स्वतः स्वामी, त्यांच्याकडून ऐकणारे शिष्य, त्यांच्याकडून लिहून घेणारे म्हाइंभट. तीनच कड्या. इतकी जवळची साखळी मध्ययुगातील फार थोड्या पुरुषांच्या वाट्याला आली असेल.

पण पुढे संकट आले. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील फौजांच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ प्रत नष्ट झाली. मग ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या त्यांच्या आठवणीवरून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसा नावाच्या साध्वीला लीळा मुखोद्गत होत्या. तिच्या आठवणीवरून तयार झालेला पाठ 'हिराइसापाठ' म्हणून ओळखला जातो. अशा निरनिराळ्या पाठांमुळे प्रसंगांच्या तपशिलांत फरक पडले. आज आपण जे वाचतो ते एका नष्ट झालेल्या कागदाचे स्मरणातून उतरलेले रूप आहे, हे विसरता कामा नये.

त्यानंतर पंथीयांनी हे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून मठांतून जपले. बाहेरच्यांना ते वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि हे दालन उघडले. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या काढल्या. कोलत्यांची आवृत्ती १९७८ ची. डॉ. कोलते हे १९०८ साली बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माझ्यासारख्याला या गोष्टीचे अप्रूप वाटले, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

नाव सारखे, माणूस वेगळा

वंशावळ तपासताना पहिला खड्डा नावाचा. जात पडताळणीच्या कामात हे मी स्वतः अनुभवले आहे. गावच्या नोंदीत आमच्या आजोबांच्या नावाची तीन माणसे निघाली होती आणि त्यांतली दोन आमची कोणीच नव्हेत. श्रीचक्रधरांच्या वंशावळीतील जवळजवळ प्रत्येक नावाच्या बाबतीत हाच प्रकार आहे. परीक्षेच्या दृष्टीनेही हे उपयोगी पडावे.

विशालदेव घ्या. गुजरातच्या इतिहासात वाघेला घराण्यातील वीसलदेव किंवा विशालदेव हा राजा प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी श्रीचक्रधरांना 'प्रधानपुत्र' न म्हणता 'राजपुत्र' म्हटलेले आढळते. त्यामुळे हाच विशालदेव त्यांचा पिता असावा असे एखाद्याला सहज वाटेल. पण थोडा हिशेब करू. हा राजा सुमारे १२४४ मध्ये गादीवर आला. त्याचा पिता वीरधवल आणि आजा लवणप्रसाद. हा आजा लवणप्रसाद १२३१ च्या सुमारास यादवांशी तह करण्याइतका कर्ता होता. ज्याचा आजा १२३१ मध्ये राज्यकारभार पाहतो, त्याला ११९४ मध्ये मुलगा कसा होईल? तेव्हा राजा विशालदेव वेगळा आणि प्रधान विशालदेव वेगळा. याखेरीज अजमेरचा चाहमान विग्रहराज यालाही वीसलदेव म्हणत. तो तर बाराव्या शतकातला.

हरपाळदेव हे नाव देवगिरीच्या इतिहासातही येते. रामदेवराव यादवाचा जावई हरपाळदेव याने दिल्लीविरुद्ध बंड केले आणि १३१८ मध्ये त्याचा क्रूरपणे वध झाला. त्याचा आणि श्रीचक्रधरांचा काही संबंध नाही.

चांगदेवही दोन. ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवणारे योगी चांगदेव निराळे आणि द्वारावतीचे चांगदेव राउळ निराळे.

राहता राहिला मल्लदेव. त्या काळच्या गुजरातेत एक मल्लदेव आपल्याला पक्का माहीत आहे. सुप्रसिद्ध मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल यांचा तो भाऊ. पण तो मंत्र्याच्या घरचा. भडोचचा राजा नव्हे. त्या सुमारास भडोचकडील लाट प्रदेशावर सिंधुराज आणि त्याचा पुत्र शंख ऊर्फ संग्रामसिंह या चाहमान मांडलिकांचा अंमल होता. म्हणून 'राजा मल्लदेव' ही आपल्या साखळीतील सर्वांत कच्ची कडी मानावी लागते. पण त्यामुळे सारी साखळीच तुटली असे समजण्याचे कारण नाही. माणूस स्वतःच्या आईवडिलांची नावे चुकत नाही. बापाच्या धन्याचे नाव मात्र दोन पिढ्यांच्या सांगण्यात बदलू शकते. माझ्या वडिलांना आजोबांच्या सुताच्या मालकाचे नाव आज नीट सांगता येत नाही, पण आजोबांचे नाव ते कसे विसरतील?

काळ आणि स्थळ

दुसरी कसोटी काळाची. कथेत असे येते की, हरपाळदेवाला रामटेकला पाठवण्यास वडील राजी नव्हते. वाट यादवांच्या मुलखातून जाणारी, आणि गुजरात व देवगिरी यांचे वैर. आता हे वैर आपल्याला दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे. यादव राजा सिंघण १२१० च्या सुमारास गादीवर आला आणि त्याने लाट प्रदेशावर पुनःपुन्हा स्वाऱ्या केल्या. गुजरातच्या 'लेखपद्धति' या कागदपत्रांच्या नमुन्यांच्या संग्रहात सिंघण आणि लवणप्रसाद यांच्यामधील तहाचा मसुदा आहे; त्यावर संवत १२८८, म्हणजे इसवी सन १२३१-३२ असा काळ आहे. ऋद्धिपूरच्या साध्वींना किंवा म्हाइंभटांना हे गुजराती कागद पाहण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी सांगितलेली परिस्थिती या कागदांशी जुळते. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्या साक्षीला वजन येते.

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भक्तांनी रचलेल्या खोट्या वंशावळीत काय असते? देवादिकांचे वंशज, चक्रवर्ती राजे, शुभ शकुन. लीळाचरित्रात काय आहे? द्यूताचा नाद, हरलेले द्रव्य, दागिन्यांवरून घरातला रुसवाफुगवा. आपल्या परमेश्वराविषयी असे कोणी भक्त मुद्दाम रचील काय? ज्या गोष्टी सांगताना सांगणाऱ्याला संकोच वाटावा, त्या त्याने सांगितल्या असतील तर त्या बहुधा खऱ्या असतात. शिष्यांनी जे ऐकले ते झाकून ठेवले नाही, हा त्यांचा मोठेपणा होय.

दगडावरचा वंश

येथे तुलनेसाठी त्याच काळातील, त्याच गुजरातेतील एका दुसऱ्या मंत्रिघराण्याकडे पाहू. वर सांगितलेल्या तेजपालाने अबूच्या पहाडावर १२३१ च्या सुमारास लूणवसही हे संगमरवरी जैन मंदिर उभारले. तेथील शिलालेखात या घराण्याचा वंश कोरला आहे : चंडप, त्याचा पुत्र चंडप्रसाद, त्याचा सोम, त्याचा अश्वराज आणि अश्वराजाचे लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल व तेजपाल हे चार पुत्र. प्रशस्ती रचणारा कवी सोमेश्वर हा राजपुरोहित. एक मंत्री आपला वंश संगमरवरावर कोरून ठेवतो. दुसऱ्या मंत्र्याचा वंश त्याच्या घर सोडून गेलेल्या मुलाच्या बोलण्यातून चार साध्वींच्या स्मरणात राहतो.

आपल्याकडेही तसेच. देवगिरीचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने आपल्या 'चतुर्वर्गचिंतामणि' या ग्रंथात स्वतःचे वत्स गोत्र आणि वामन, वासुदेव, कामदेव अशा तीन पिढ्या नोंदवल्या. आपल्या धन्याचा, म्हणजे यादवांचा वंशही त्याने दिला. तो मात्र थेट चंद्रापासून सुरू होतो! यादव राजे स्वतःला श्रीकृष्णाचे वंशज म्हणवीत. इतिहासकार या यादीतील अलीकडची नावे ताम्रपटांशी ताडून घेतात आणि चंद्राकडची नावे बाजूला ठेवतात. म्हणजे दगड आणि ताम्रपट सदा खरेच बोलतात असेही नाही. ज्याच्याजवळ द्रव्य आहे तो दगडाकडूनही हवे ते वदवून घेऊ शकतो.

दूरच्या एका बिशपची गोष्ट

ही अडचण आपल्याच देशाची आहे असे मला वाटत होते. इंग्रजीच्या सरांनी स्कॉटलंडमधील एका धर्मगुरूची हकीकत सांगितली, तेव्हा तो समज दूर झाला. विल्यम एल्फिन्स्टन (१४३१–१५१४) हा ॲबर्डीनचा बिशप. १४९५ मध्ये पोपची आज्ञा मिळवून त्याने तेथे विद्यापीठ स्थापन केले. त्याचा बाप, त्याचेही नाव विल्यमच, हा स्वतः धर्मगुरू होता. त्यांच्या धर्मगुरूंना लग्नाची मनाई. त्यामुळे मुलगा विवाहाबाहेरचा ठरला आणि त्याला धर्मगुरू होण्यासाठी खास परवानगी काढावी लागली. अशा परवानग्यांच्या नोंदी रोमला जपून ठेवल्या जात. आज संशोधक मध्ययुगीन धर्मगुरूंची कुळे शोधतात ती बऱ्याचदा अशाच नोंदींतून. म्हणजे जी गोष्ट त्या वेळी लपवावीशी वाटली असेल, तिनेच पुढे पुरावा दिला. हरपाळदेवांच्या द्यूतासारखेच हे झाले.

एल्फिन्स्टन हे नाव आपल्याला परके नाही. पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडमधील त्याच नावाच्या सरदारघराण्यातला. पण आडनाव एक म्हणून वंशाची रेघ सरळ जोडावी असे नव्हे. नावाचा खड्डा तेथेही आहेच.

दुसरी वंशावळ

आता या विषयाची खरी गंमत पुढे आहे. महानुभावांना श्रीचक्रधरांची एक वंशावळ पुरत नाही. त्यांची दुसरी वंशावळ आहे आणि तीच ते खरी मानतात. ती पंचकृष्णांची : द्वारावतीचे श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी म्हणजेच चांगदेव राउळ, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर. यांतील चक्रपाणी हे मूळचे आपल्या शेजारच्या फलटणचे. ते माहूरला गेले, तेथून द्वारावतीला गेले. म्हणजे श्रद्धेच्या दृष्टीने पाहिले तर श्रीचक्रधरांचा देह भडोचचा, पण त्यांची परंपरा फलटण, माहूर, द्वारका, ऋद्धिपूर अशी फिरत आलेली. या श्रद्धेला सनावळीची मोजपट्टी लावण्याचा मला अधिकार नाही. मात्र एवढे दिसते की, या दुसऱ्या यादीत बाप आणि मुलगा असे नाते कोठेच नाही. कूळ रक्ताचे नसून ज्ञानाचे असते, असे तिचे म्हणणे.

स्वतः श्रीचक्रधर तसेच वागले. प्रधानाचे घर आणि ब्राह्मण जात हे त्यांना जन्माने मिळाले होते. त्यांनी ते पुढे करून मान मागितला नाही. स्त्रिया आणि शूद्र यांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. गुजरातीभाषक घरात जन्मलेल्या या पुरुषाने मराठीत उपदेश केला. पुढे पंडित शिष्य संस्कृताकडे वळू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थोपवले. संस्कृतात लिहिले तर आपल्या वृद्ध साध्वी ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे कारण होते. २०२४ मध्ये ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, त्यामागे हाच इतिहास आहे.

आणि आणखी एक गोष्ट. माल्हाइसा आणि कमळाइसा ही नावे आपल्याला आज माहीत आहेत. त्या काळच्या एका घरातील सासू आणि सून. त्यांची नावे का टिकली? मला वाटते, ऐकणाऱ्यांत स्त्रिया होत्या म्हणून. बाइसा आणि महदाइसा यांनी 'आपली आई कोण? घरी कोण होते?' असे विचारले नसेल काय? आणि प्रत नष्ट झाल्यावर ज्यांच्या स्मरणातून ग्रंथ उभा राहिला त्यांतही हिराइसा होती. कोण विचारतो आणि कोण लक्षात ठेवतो, यावर वंशावळीत कोणाची नावे राहतात हे ठरते.

पुन्हा घरी

आता माझ्या अर्जाचे काय झाले ते सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत अक्कलकोट तालुक्यातील आमच्या मूळ गावी गेलो. हेळवी योगायोगाने जवळच्या गावी आलेला होता. त्याने वही उघडून सात पिढ्यांची नावे म्हणून दाखवली. पुरावा म्हणून ती वही चालत नाही असे मला सांगण्यात आले होते. पण त्या वहीमुळे कोणते नाव शोधावयाचे हे समजले. मग जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा उतारा मिळाला. तो मोडीत! मला मोडी येत नाही. सोलापुरातील एका वृद्ध गृहस्थांनी भिंग लावून तो वाचून दिला. माझ्यापुरती ती सकळ लिपीच होती. नोंद १९३८ ची, आजोबांच्या थोरल्या भावाच्या जन्माची. तीत मुलाचे नावही नाही. 'मुलगा' एवढेच, आणि पुढे पणजोबांचे नाव व जात. पणजोबांचे नाव हेळव्याच्या वहीत एक, आजीच्या तोंडी थोडे वेगळे आणि नोंदवहीत आणखी निराळे. तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत असे वडिलांनी शपथेवर लिहून दिले. मल्लदेवाच्या नावाचे काय झाले असेल, हे मला तेव्हा अधिक चांगले कळले. चार महिन्यांनी प्रमाणपत्र आले.

प्रमाणपत्र आले त्या रात्री मी वंशावळीचा तो कागद पुन्हा पाहिला. पाच पिढ्या, एकवीस नावे आणि एकही बाई नाही. हेळव्याच्या वहीतही नाही. नोंदवहीतील त्या १९३८ च्या मुलाला जन्म देणारी कोण होती, हे कोठेच लिहिलेले नाही. मी आजीला विचारले. तिने क्षणभरही विचार न करता सांगितले : तिच्या सासूचे नाव, सासूच्या सासूचे नाव, कोण कोठून आली, कोणाचे माहेर आळंद, कोणाचे तुळजापूर. सासूच्या सासूला तिने पाहिलेले नव्हते. सासूकडून ऐकले होते. तीनच कड्या.

मी ती नावे वहीत उतरवून घेतली. ती कोणत्याही अर्जाला लागणार नाहीत. पण आजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला लिहिता येत नाही. आमच्या घरात लिहिता येणारा आणि विचारण्याचे सुचलेला मी पहिलाच. म्हाइंभटांचे काम केवढे मोठे होते हे समजण्यास मला पदवी परीक्षेची वाट पाहावी लागली नाही.

माझ्या वर्गमित्रांपैकी पुष्कळजण माझ्यासारखेच पहिल्या पिढीचे आहेत. त्यांना एवढीच विनंती की, सुट्टीत घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, नावे विचारावीत, कोणी सांगितले आणि त्यांना कोणाकडून कळले हेही शेजारी लिहावे. प्रश्न विचारल्याबद्दल मला खाली न बसवता उलट लिहावयास लावणाऱ्या सरांचा मी ऋणी आहे. लेखात काही उणे असेल तर ते माझे समजून सुज्ञ वाचकांनी दाखवून द्यावे.